क्वेंका आणि भोवतालची गावं: चार दिवसांत नीट कसं पाहावं

इक्वेडोरच्या दक्षिणेला अँडीज पर्वतात वसलेल्या क्वेंकाला बहुतेक प्रवासी दीड दिवस देतात. निळ्या घुमटांचा फोटो काढतात, एक टोपी घेतात आणि पुढची गाडी पकडतात. हे शहर असं उरकू नये, असं मला मनापासून वाटतं. इथे जे मिरवलं जातं, ते पूर्वेकडच्या खोऱ्यातल्या गावांत घडतं. मंडईत भाजी विकणाऱ्या एखाद्या प्रौढ बाईकडे नीट पाहा. तिला इथे ‘चोला क्वेंकाना’ म्हणतात. डोक्यावर गवती टोपी, खांद्यावर निळी-पांढरी शाल, कानात लोंबते डूल आणि खाली भरतकाम केलेला घेरदार घागरा, म्हणजे पोयेरा. टोपी सिगसिगच्या बाजूला विणली जाते, शाल ग्वालासेओजवळच्या बुल्कायमध्ये आणि डूल चोर्देलेगमध्ये घडतात. तेव्हा सहलीचा आराखडा असा करा की शहरात ज्या वस्तू पाहाल, त्या घडवणारे हात तिसऱ्या दिवशी भेटतील.

निघण्याआधी

पहिली गोष्ट वाराची. शक्य असेल तर शुक्रवारी सकाळी क्वेंकात पोहोचा. याला कारणं आहेत. मंडईतल्या वैदू बायका मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात, ग्वालासेओचा मोठा बाजार रविवारी भरतो आणि सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. म्हणजे शुक्रवार-शनिवार शहर, रविवार गावं आणि सोमवार डोंगर. तारखा बदलल्या तरी रविवारची गावं सोडू नका.

भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरचा व्हिसा लागतो. नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी वकिलातीकडून खात्री करून घ्या. याहून जास्त लोक विसरतात ती पिवळ्या तापाची लस. इक्वेडोर भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे. परत येताना लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवलं जाऊ शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, त्यामुळे निदान महिनाभर आधी नंबर लावा. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते.

भारतातून थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेमार्गे राजधानी कीतो गाठायची आणि तिथून पाऊण-एक तासाच्या विमानाने क्वेंका. ग्वायाकिलहून चार तासांची बसही आहे आणि तिचा घाटरस्ता अप्रतिम आहे. मात्र २०२४ पासून देशात, विशेषतः किनारपट्टीच्या शहरांत, टोळ्यांच्या हिंसाचारामुळे वातावरण तंग आहे. त्या मानाने क्वेंका शांत आहे. तरीही माझा सल्ला असा की कीतोवरून विमानानेच या, रात्रीची बस घेऊ नका आणि निघण्याच्या आठवड्यात प्रवासी सूचना वाचा.

पैशांचं सोपं आहे, कारण २००० सालापासून इथे अमेरिकन डॉलरच चलन आहे. पण पन्नास-शंभरची नोट कुणी हातात घेत नाही. एक, पाच आणि दहाच्या नोटा भरपूर आणा. एका डॉलरची नाणी इथे सर्रास चालतात. गावातल्या बाजारात तीच कामाला येतात.

उंची लक्षात ठेवा. शहर साधारण २,५५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून नऊशे मीटर वर. बहुतेकांना फार त्रास होत नाही, पण जिना चढताना धाप लागते आणि पहिल्या रात्री झोप तुटते. पहिल्या दिवशी पाणी जास्त प्या, जेवण हलकं ठेवा आणि दारू नको. विषुववृत्त जवळ असल्याने ऋतू फारसे बदलत नाहीत, एकाच दिवसात सगळं होतं. सकाळी स्वेटर, अकराला कातडी भाजणारं ऊन, तीनला पाऊस. सनस्क्रीन आणि हलकं रेनकोट-जाकीट पाठीवरच्या पिशवीतच असू द्या. विजेचा दाब ११०-१२० व्होल्ट आहे आणि प्लग अमेरिकन पद्धतीचे चपटे, त्यामुळे अडॅप्टर लागेल.

राहायला जुन्या शहरातच खोली घ्या, म्हणजे दोन दिवस गाडीची गरज पडत नाही. विमानतळ आणि बस टर्मिनस शहराच्या अगदी लगत आहेत. २०२० मध्ये सुरू झालेली ट्राम या दोन्हींजवळून थेट जुन्या गल्ल्यांत येते.

शुक्रवार: चौक, दोन कॅथेड्रल आणि मंडई

सुरुवात पार्के काल्देरोन या मध्यवर्ती चौकातून करा. स्पॅनिशांनी १२ एप्रिल १५५७ रोजी शहर वसवलं. हिल रामीरेस दावालोस या अधिकाऱ्याने व्हाइसरॉयच्या हुकमावरून आखणी केली आणि व्हाइसरॉयच्या स्पेनमधल्या गावाचं नाव दिलं. मध्ये चौक, भोवती चर्च आणि सरकारी इमारती, मग काटकोनात छेदणारे रस्ते. ही आखणी आजही तशीच टिकून आहे, म्हणूनच १९९९ मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पण रस्त्यावर उभं राहून जे सज्जे, खांब आणि नक्षीदार दर्शनी भिंती दिसतात, त्या बहुतांश स्पॅनिश राजवटीच्या नाहीत. शहर ३ नोव्हेंबर १८२० रोजी स्वतंत्र झालं. हे वैभव त्यानंतरचं, टोप्यांच्या आणि सिंकोनाच्या सालीच्या व्यापारातून आलेलं. त्या सालीपासून हिवतापावरचं क्विनाईन बनतं. १८६० च्या सुमारास इक्वेडोरमधूनच सिंकोनाची रोपं इंग्रजांनी आपल्या निलगिरीत नेली. व्यापारी श्रीमंत झाले, पॅरिसची फॅशन आली आणि मातीच्या विटांच्या घरांना फ्रेंच वळणाचे मुखवटे चढले. दार उघडं दिसलं तर परवानगी विचारून आत डोकवा. आत फरसबंद चौक, मागे दुसरा चौक आणि त्यामागे परसबाग अशी जुनी रचना अजून सापडते. छताकडे पाहायला विसरू नका, काही घरांत ठशाच्या नक्षीचे पत्रे लावलेले आहेत.

चौकाच्या दोन बाजूंना दोन कॅथेड्रल समोरासमोर आहेत. लहान, पांढरं ते जुनं. आता ते धार्मिक कलेचं संग्रहालय आहे. त्याच्या मनोऱ्याला विज्ञानाच्या इतिहासात जागा आहे. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे की विषुववृत्तावर, हा वाद सोडवायला फ्रेंच शास्त्रज्ञांची मोहीम १७३६ मध्ये या मुलखात आली आणि कीतोपासून क्वेंकापर्यंत रेखावृत्ताची कमान मोजली. त्यात १७३९ मध्ये हा मनोरा खुणेचा बिंदू म्हणून वापरला गेला. आधी हे पाहा, मग समोरचं मोठं कॅथेड्रल. त्याचं बांधकाम १८८५ मध्ये सुरू झालं. आराखडा हुआन बाउतिस्ता श्टीले या जर्मन धर्मबंधूचा. विटा इथल्याच, पण घुमटांवरच्या आकाशी फरशा चेकोस्लोव्हाकियातून आणल्या. दर्शनी बाजूचे दोन मनोरे मध्येच थांबल्यासारखे वाटतात. पूर्ण उंचीचं वजन पायाला पेललं नसतं, म्हणून ते तसेच ठेवले, असं इथे सांगतात. थोडं तिकीट काढून गच्चीवर जाता येतं. जिना अरुंद आहे, पहिल्याच दिवशी दमाने चढा.

कॅथेड्रलच्या बाजूलाच कार्मेलाईट मठासमोर फुलबाजार भरतो. अँडीजमधली थंड हवा आणि वर्षभराचं ऊन यामुळे इक्वेडोर गुलाबांचा मोठा निर्यातदार आहे. इथे तेच गुलाब, लिली आणि कार्नेशन बायका बादल्यांत मांडून बसतात. मठातल्या नन बाहेर येत नाहीत. भिंतीत बसवलेल्या फिरत्या लाकडी कप्प्यात पैसे ठेवायचे, कप्पा फिरतो आणि वस्तू आपल्यापुढे येते. मन शांत करण्यासाठी घेतलं जाणारं फुलापानांचं पाणी, ‘आग्वा दे पितिमास’, इथूनच विकलं जातं.

दुपारी ‘दिएस दे आगोस्तो’ मंडईत जेवा. खालच्या मजल्यावर मांस आणि औषधी पाल्याचे गाळे आहेत. शुक्रवार असल्याने इथेच ‘लिंपिया’ करणाऱ्या बायका दिसतील. हिरव्या, उग्र वासाच्या पाल्याची जुडी अंगावरून झोडत नेतात, मग कच्चं अंडं डोक्यापासून पायापर्यंत फिरवतात आणि ते पाण्यात फोडून काय बाधलं ते सांगतात. शेवटी कपाळावर काळा टिळा. मराठी माणसाला याचं स्पष्टीकरण लागत नाही, मीठ-मोहऱ्यांच्या जागी अंडं घेऊन दृष्ट काढणंच ते. बहुतेक वेळा रांगेत कडेवरची लहान मुलं असतात. फोटो काढायचा तर आधी विचारा. नको म्हणाल्या तर कॅमेरा पिशवीत ठेवा.

जेवणाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण शाकाहारी लोक या मंडईत गांगरतात. समोर अख्खं भाजलेलं डुक्कर ठेवलेलं असतं. ते ‘ओर्नादो’. मांसाहारी असाल तर ते इथलं उत्तम आहे. ‘कुई’ म्हणजे भाजलेलं गिनीपिग, तेही सणासुदीचं मानाचं जेवण. शाकाहाऱ्यांनी ‘मोते’ हा शब्द पाठ करावा. चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून साल काढलेले, टपोरे पांढरे मक्याचे दाणे. ते इथे भाताच्या जागी असतात. ‘मोते पिल्यो’मध्ये ते अंडं आणि कांद्याच्या पातीबरोबर परततात. ‘मोते सुसियो’ टाळा, त्यात डुकराच्या चरबीची खरवड असते. बटाटा आणि चीजच्या टिक्क्या म्हणजे ‘यापिंगाचो’, बटाट्याचं दाट सूप म्हणजे ‘लोक्रो’, मक्याच्या पानात वाफवलेली ‘उमिता’. हे सगळं चालेल. पण तळण्यासाठी चरबी वापरली आहे का ते विचारायलाच हवं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका दे चांचो’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, डुकराची चरबी नको. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर कोंबडी येते, कारण इथे ती मांसात धरत नाहीत. सोबत ‘आही’ ही मिरचीची चटणी मागा. लाल आंबटगोड झाडटोमॅटोची असेल तर जेवणाला चव येते.

शनिवार: नदी, इंकांचं शहर, टोपीचा कारखाना

क्वेंकाचं पूर्ण नाव सांता आना दे लोस क्वात्रो रियोस दे क्वेंका. चार नद्या म्हणजे तोमेबांबा, यानुंकाय, तार्की आणि माचांगारा. जुनं शहर तोमेबांबाच्या उत्तर काठावरच्या कड्यावर आहे. त्या कड्याला बार्रांको म्हणतात. सकाळी काये लार्गा या रस्त्यावरून दगडी पायऱ्यांनी नदीकाठी उतरा आणि पाणी डोंगरावरून येतं ती दिशा पाठीशी ठेवून पूर्वेकडे चाला. वर कड्याला टेकून लोंबणारी घरं, खाली निलगिरीची झाडं आणि हिरवळ. वाटेत ‘तुटका पूल’ लागतो. १९५० च्या पुराने त्याचा एक भाग वाहून गेला, उरलेल्या कमानी तशाच ठेवल्या आहेत.

पुढे तोदोस सांतोस चर्चच्या जवळ एक छोटं उत्खनन आहे. घाईतल्या सहली ते वगळतात, तुम्ही वगळू नका. इंकांचे घासून बसवलेले दगड आणि त्यांवरच स्पॅनिशांनी उभारलेली पाणचक्की, एकाच खड्ड्यात दोन्ही राजवटी दिसतात.

तिथून थोडं चाललं की पुमापुंगो. इथे आधी कान्यारी लोकांची वस्ती होती. पंधराव्या शतकात तुपाक युपांकीने हा मुलूख इंका साम्राज्यात आणला आणि तोमेबांबा नावाचं शहर वसवलं. त्याचा मुलगा वायना कापाक इथेच जन्मला असं परंपरा सांगते. त्याने या शहराला उत्तरेची राजधानीच केलं. वायना कापाकच्या मृत्यूनंतर हुआस्कार आणि अताहुआल्पा या भावांत गादीसाठी युद्ध पेटलं. कान्यारींनी हुआस्कारची बाजू घेतली आणि अताहुआल्पाने शहर उद्ध्वस्त केलं. स्पॅनिश आले तेव्हा त्यांना इथे अवशेषच दिसले. म्हणून पुमापुंगोत फार उंच भिंतींची अपेक्षा ठेवू नका. पाया, गच्चीसारखे टप्पे, पाण्याचा कालवा आणि स्थानिक पिकांची बाग आहे. आधी संग्रहालयाचा मानववंशशास्त्राचा मजला पाहा आणि मग बाहेर या, म्हणजे त्या पायांवर काय उभं असेल ते डोळ्यांपुढे येतं. प्रवेश विनामूल्य आहे. निदान दोन तास द्या.

दुपारनंतर टोपीकडे वळा. जगभर ‘पनामा हॅट’ म्हणून विकली जाणारी टोपी इक्वेडोरची. पनामामार्गे जहाजांवर चढायची आणि तिथल्या बाजारात विकली जायची, म्हणून ते नाव चिकटलं. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचं काम पाहायला गेले तेव्हाच्या त्यांच्या टोपीतल्या फोटोंनी ते आणखी पक्कं झालं. टोकिया या ताडासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीचे कोवळे कोंब किनाऱ्यालगतच्या दमट भागात तोडतात, उकळतात, वाळवतात, मग ते धागे डोंगरात विणायला येतात. मूळ कसब मानाबी प्रांतातलं. क्वेंकाच्या परिसरात ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजलं. या विणकामाला युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त वारशाचा मान दिला.

गावात बायका फक्त विणतात, पुढचं सगळं शहरात होतं. काये लार्गावर आणि बस टर्मिनसजवळ असे कारखाने आहेत जिथे दुकानाआधी काम पाहू देतात. विणून आलेली टोपी म्हणजे वेडावाकडा, झिपऱ्या लोंबणारा द्रोण असतो. आधी कडेचे धागे ओढून घट्ट करतात, झिपऱ्या कापतात, धुतात, गंधकाच्या धुरीने पांढरं करतात आणि शेवटी तापलेल्या साच्यावर दाबून आकार देतात. साचे डोक्याच्या मापाप्रमाणे वेगवेगळे. इथे घाई करू नका. ही प्रक्रिया पाहिलेली असेल तरच उद्या गावातल्या विणकरणीच्या हातात काय आहे ते कळेल.

संध्याकाळी एल वादो हा जुना भाग पायी फिरा आणि तिथून पश्चिमेला सान सेबास्तियानच्या चौकात जा. ऑगस्ट १७३९ मध्ये इथे बैलांच्या खेळाच्या वेळी जमावाने फ्रेंच मोहिमेतल्या सेनिएर्ग या शल्यवैद्यावर हल्ला केला. तो एका स्थानिक घराण्याच्या भांडणात पडला होता. काही दिवसांत तो वारला. आता चौकात कारंजं आहे आणि बाजूला आधुनिक कलेचं संग्रहालय. ती इमारत एके काळी दारुड्यांना सुधारण्यासाठी बांधलेली होती. अंधार पडता पडता टॅक्सीने शहराच्या दक्षिणेकडच्या तुरी टेकडीवर गेलात तर निळे घुमट दिव्यांत दिसतात. परत येताना पायी उतरू नका, टॅक्सीच घ्या.

रविवार: बुल्काय, ग्वालासेओ, चोर्देलेग, सिगसिग

आता सहलीचा गाभा. दोन मार्ग आहेत. एक, ‘तेर्मिनाल तेर्रेस्त्रे’वरून साधी बस. ग्वालासेओला तासाभराच्या आत पोहोचते, भाडं डॉलर-दोन डॉलरच्या घरात. दोन, दिवसभराची गाडी किंवा स्थानिक वाटाड्यासह छोटी सहल. स्पॅनिश येत नसेल तर दुसरा मार्ग घ्या असं मी आग्रहाने सांगेन. विणकरांशी बोलता आलं नाही तर निम्मा दिवस फुकट जातो. रविवारी काही कार्यशाळा बंद असू शकतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी राहत्या ठिकाणाहून फोन करून विचारायला सांगा. आठ वाजता निघा.

ग्वालासेओच्या थोडं अलीकडे, रस्त्यालगतच बुल्काय आहे. इथली ‘माकाना’ किंवा ‘पान्यो’ नावाची शाल इकत पद्धतीची, म्हणजे धागा आधी रंगवून मग विणलेली. पाटणच्या पटोळ्यात उभे-आडवे दोन्ही धागे रंगवतात, इथे फक्त उभे. कारागीर काय करतो ते जवळ बसून पाहा. ताण्याचे धागे दोन खांबांमध्ये ताणलेले असतात. तो बोटाने धागे मोजतो, ठरावीक गुच्छ उचलतो आणि त्याभोवती घायपाताच्या जातीच्या झाडाचा वाख करकचून आवळून गाठ मारतो. समोर कागद नाही, नक्षी डोक्यात. एका शालीसाठी अशा शेकडो गाठी. मग सगळा ताणा निळीच्या पिंपात बुडवायचा. गाठीखालचा धागा पांढरा राहतो. वाळल्यावर सुरीने एकेक गाठ सोडायची. यात एकच उभा धागा तुटला तर नक्षी बिघडते, म्हणून या वेळी तो बोलत नाही. लाल रंग निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांचा. किडा तळहातावर चिरडून दाखवतात आणि त्यावर लिंबू पिळलं की गडद किरमिजी रंग भडक लाल होतो. तपकिरी रंग अक्रोडाचा.

विणकाम कमरेच्या मागावर. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं कातडी पट्ट्याने विणकराच्या कमरेला. तो मागे रेलला की ताण वाढतो, पुढे झुकला की सैलावतो. शालीच्या दोन्ही टोकांना हातभर लांब दशा सोडतात आणि त्यांना गाठी मारून जाळीदार नक्षी करतात. ते काम बहुधा बायकांचं. फुलं, पक्षी, देशाचं राजचिन्ह, कधी अक्षरंसुद्धा त्या गाठींतून उमटवतात. मला विचाराल तर शालीपेक्षा दशांमध्ये जास्त कौशल्य आहे. इक्वेडोरने २०१५ मध्ये या कलेला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली, तरी तरुण मुलं यात कमीच येतात. विकत घ्यायची तर इथेच, करणाऱ्याच्या हातून घ्या. खरी ओळख अशी की नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते आणि तिच्या कडा किंचित फिसकटलेल्या असतात. कडा अगदी रेखीव आणि उलट बाजू फिकी असेल तर तो छापील माल.

साडेदहा-अकराला ग्वालासेओच्या बाजारात या. गाव क्वेंकापेक्षा खाली, सांता बार्बारा नदीच्या काठी आहे. हवा उबदार आणि भोवती फळबागा. मंडईत मातीच्या मोठ्या तव्यावर मक्याच्या, गव्हाच्या आणि कोवळ्या कणसाच्या जाडसर ‘तोर्तिया’ भाजत असतात. आत चीज असतं. त्याबरोबर ‘मोरोचो’ हे दुधात शिजवलेलं मक्याचं गोड पेय किंवा फळांचे तुकडे घातलेला ‘रोसेरो’ घ्या. शाकाहाऱ्यांचं या सहलीतलं सगळ्यात समाधानाचं जेवण इथे होतं.

दहा-पंधरा मिनिटांवर चोर्देलेग. चौकाभोवती दागिन्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. इथलं वैशिष्ट्य चांदीचं तारकाम. लहान लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढतात, दोन तारांना पीळ देऊन चपट्या करतात आणि चिमट्याने वेटोळी वळवून चौकटीत भरतात. मग टाकणखार लावून डाग देतात. चोला बायकांचे लोंबते डूल, ‘कांदोंगास’, असेच बनतात. सगळ्याच दुकानांतला माल इथला नसतो, बाहेरून आलेला यंत्रावरचा मालही भरपूर आहे. ‘एचो आकी?’, इथेच केलंय का, असं विचारा आणि मागे कार्यशाळा आहे का ते पाहा. जिथे मागच्या खोलीत कुणी काम करत बसलं असेल तिथे घ्या. घासाघीस थोडी चालते, पण इथे दर निम्म्यावर आणायची पद्धत नाही.

पुढे सिगसिग. ग्वालासेओ-चोर्देलेगपुढे बहुतेक सहली परततात, त्यामुळे इथे शांतता असते. नदीकाठच्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत विणकर बायकांची संघटना काम करते, तिथे जा. टोपीचं विणकाम माथ्याच्या मध्यापासून सुरू होतं. बोटभर चकती, मग गोल गोल वाढत टोपीचा घेर आणि शेवटी कड. धागे ओलसर ठेवावे लागतात, म्हणून जवळ पाण्याची वाटी. चालता-बोलताना, गुरांमागे जाताना हात चालूच. उत्तम बारीक विणीच्या टोपीला महिने लागतात. पूर्वी हा सगळा माल दलालांमार्फत शहरात जायचा आणि विणणारीला फार थोडं मिळायचं. संघटनेकडून घेतलं की मधली साखळी तुटते.

परतीच्या रस्त्यावर शेतांमध्ये तीन-तीन मजली, काचा लावलेली, रिकामी घरं दिसतील. त्यांचा टोपीशी संबंध आहे. १९४० च्या दशकात टोप्यांची निर्यात जोरात होती, पुढच्या दशकात बाजार कोसळला. या भागातले लोक न्यूयॉर्कची वाट धरू लागले. १९९९ च्या आर्थिक संकटात ती रीघ आणखी वाढली. तिकडच्या कमाईतून इथे घरं उभी राहिली, राहायला मात्र म्हातारे आईवडीलच. वाटाड्या सोबत असेल तर त्याच्या घरातलं कोण बाहेर आहे ते विचारा. बहुतेकांकडे सांगण्यासारखं असतं.

गाडी तुमची असेल आणि उजेड शिल्लक असेल तर येताना गिटार बनवणाऱ्या सान बार्तोलोमेवरून या. नसेल तर सरळ क्वेंका गाठा. अंधारात हे रस्ते नकोत.

सोमवार: काहास, किंवा इंगापिर्का

काहास राष्ट्रीय उद्यान शहराच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर आहे. दोनशेहून जास्त तळी, पिवळं गवत आणि कागदासारखी साल सुटणारी पॉलीलेपिसची वाकडी झाडं. ग्वायाकिलकडे जाणारी बस तोरेआदोरा तळ्यापाशी सोडते. तिथे नोंद करून तळ्याभोवतीची खुणांची सोपी वाट धरा. जागा ३,९०० मीटरच्या आसपास आहे, म्हणून हा दिवस मी शेवटी ठेवला आहे. तीन रात्री क्वेंकात काढल्यावर त्रास कमी होतो. डोकं ठणकायला लागलं किंवा मळमळलं तर लगेच खाली उतरा. धुकं दहा मिनिटांत येतं, खुणा दिसेनाशा होतात, म्हणून वाट सोडून फोटोसाठी भटकू नका. हातमोजे, लोकरी टोपी आणि जलरोधक बूट हवेतच. परतीची बस रस्त्यावर हात दाखवून थांबवावी लागते, दुपारी तीनच्या आत रस्त्यावर या.

शहराला पिण्याचं पाणी याच डोंगरातून येतं आणि नळाचं पाणी लोक बिनधास्त पितात. त्याचं मोल त्यांना नीट ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये या नद्यांच्या उगमक्षेत्रात मोठ्या खाणी नकोत, असा कौल क्वेंकाच्या सुमारे ऐंशी टक्के मतदारांनी दिला.

इतिहासाची ओढ जास्त असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर काहासऐवजी उत्तरेकडचं इंगापिर्का निवडा. बसने दोन तास. कान्यारींच्या पवित्र जागेवर इंकांनी बांधलेलं लंबवर्तुळाकार सूर्यमंदिर तिथे आहे. इक्वेडोरमध्ये इंकांचं इतकं शाबूत बांधकाम दुसरं नाही. दोन्ही एकाच दिवशी करू नका.

टोपी निवडणं आणि आणणं

टोपी उजेडासमोर धरून आतून पाहा. माथ्यापासून निघालेली वर्तुळं जितकी जास्त आणि जवळजवळ, तितकी वीण बारीक. वीण सगळीकडे सारखी हवी, मध्येच विरळ भाग नको. कडेला धागे परत आत विणून घेतले असतील तर ती चांगली, कापून शिवलेली कड स्वस्त मालाची. वीस-पंचवीस डॉलरपासून सुरुवात होते आणि वरच्या दर्जाला शेकड्यांत जाते. रोजच्या वापराला मधली पुरते.

गुंडाळून डबीत मिळणारी टोपी दिसायला सोयीची, पण ती गुंडाळूनच ठेवली तर घडीवर तुटते. प्रवासापुरती डबी ठीक, पोहोचल्यावर लगेच उघडून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे विमानात डोक्यावर घालूनच या. घालता-काढताना माथ्याची चिमूट धरू नका, कड धरा, कारण चिमटीच्या जागीच ती आधी फाटते. हा धागा कोरड्या हवेत कडक होतो. मुंबई-कोकणात तो प्रश्न नाही, तिथे फक्त बुरशी येणार नाही अशा हवेशीर जागी ठेवा. पुणे, नागपूर किंवा औरंगाबादच्या उन्हाळ्यात मात्र आठवड्यातून एकदा अंघोळीनंतरच्या वाफेत पाच मिनिटं टांगा, मग सावलीत वाळू द्या. उन्हात गाडीच्या काचेमागे कधीही ठेवू नका.